चार महिन्यांच्या भाच्याच्या वरच्या हिरडीवर निळसर गाठ आहे. कॅन्सर असेल का?

ताई, गाठ तीन आठवड्यांत दुप्पट झाली, तिच्यावर दात दिसतोय आणि घरचे ‘वरचा दात आधी आला, मामाला जड’ म्हणून शांती करायची म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. दात आधी आलेला नाही. आतल्या गाठीनं दाताचा कोंब बाहेर ढकललाय. शांती नंतर करा, आधी बाळाला दाखवा.

मी सोलापुरात लहान मुलांचे दात बघते. अशी गाठ बावीस वर्षांत एकदाच पाहिली, अक्कलकोटकडच्या पाच महिन्यांच्या मुलीची. आधी कुठेतरी गळू समजून चीर दिली होती. पू निघाला नाही, बारा दिवस मात्र अँटिबायोटिकमध्ये गेले. म्हणून सांगते, नीट तपासण्याआधी गळू समजून कुणालाही ती टोचू-कापू देऊ नका.

बघितल्याशिवाय निदान करता येत नाही, पण वय, जागा, रंग आणि वाढीचा वेग पाहता मेलानोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमरचा विचार आधी करावा लागेल. १९१८ साली क्रोम्पेखर यांनी ती पहिल्यांदा नोंदवली, तेव्हा तिला कर्करोगच मानलं होतं. पुढे कळलं की ती बहुतेक वेळा साधी असते, क्वचितच पसरते. पण साधी असूनही हाड झपाट्यानं खाते, म्हणून थांबायचं नाही. गर्भातल्या ज्या पेशींपासून त्वचेच्या रंगपेशी बनतात, त्यांच्यापासूनच ती येते. निळसर रंग त्यामुळेच.

दात येतानाची पाण्याची गाठही निळी दिसते, पण ती हाड खात नाही. जन्मतःच हिरडीला लोंबणारी गुलाबी गाठ वेगळी, ती पुढे वाढत नाही. रॅब्डोमायोसार्कोमासारखे (स्नायूंच्या पेशींचा कर्करोग) खरे कर्करोग मात्र सीटी किंवा एमआरआय आणि बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, वगळता येत नाहीत. मेलानोटिक गाठीत लघवीतलं व्हीएमए नावाचं रसायन काही बाळांत वाढतं. नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बायोप्सीचा तुकडा लहान असला आणि त्यात नुसत्या छोट्या पेशी आल्या तर न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांतला मज्जापेशींचा कर्करोग, वाटू शकतो. म्हणून त्या तुकड्याच्या काचेवरच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या, लहान मुलांच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या.

उपचार शस्त्रक्रियेचा, कडेच्या थोड्या निरोगी हाडासह. केमो सहसा लागत नाही. गाठ फारच मोठी असली किंवा परत परत आली तरच केमोचा विचार होतो. काही बाळांत गाठ पुन्हा येते, बहुतेकदा पहिल्या वर्षातच. तेवढं वर्ष एकही तपासणी चुकवू नका. त्या मुलीचे पुढचे तीन दुधाचे दात गेले. आता ती शाळेत जाते, छोटी कवळी लावते.

सिव्हिलमध्ये बालशल्यचिकित्सकांची चौकशी करा. तिथून मुंबईला पाठवलं तर परळला टाटा आणि वाडिया दोन्ही रुग्णालयं आहेत. रात्रीची सिद्धेश्वर पकडली की सकाळी पोचता. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड बरोबर ठेवा. बाळाला दूध ओढता येत नसेल तर बोंडल्यानं पाजा. आणि आजच गाठीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, दर दोन दिवसांनी परत काढा. किती दिवसांत किती वाढली, हे सर्जन पहिल्यांदा विचारतील.