अमेरिकेत रस्तेदुरुस्तीच्या रोख्यांवर मतदान घेतात, मग ते कर्ज फेडतं कोण?

शेवटी शहरातले मालमत्ताधारकच फेडतात. मुद्दल आणि व्याजासाठी त्यांच्या मालमत्ता करात वेगळी भर पडते, म्हणून तर आधी मतदारांना विचारावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत शहराच्या अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतांची अट आहे, साधं बहुमत पुरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा २०११ चा २४.८ कोटी डॉलरचा रस्त्यांचा प्रस्ताव जेमतेम ६८ टक्क्यांवर तरला. शेजारच्या ओकलंडमध्ये २०१६ ला ६० कोटींचा प्रस्ताव (त्यातले ३५ कोटी रस्त्यांसाठी) ८० टक्क्यांहून जास्त मतांनी आरामात निघाला. भाडेकरू सुटले असं मात्र समजू नका: सॅन फ्रान्सिस्कोत भाडेनियंत्रणाखालच्या घराचा मालक या वाढीव कराचा अर्धा भार भाडेकरूवर टाकू शकतो.

एक मर्यादा आहे. हा पैसा रस्ता नव्याने करणं, पदपथ, पदपथावर चढायचे उतार अशा टिकाऊ कामांनाच लावता येतो. रोजचे खड्डे बुजवायला वार्षिक अंदाजपत्रकच लागतं. आपल्याकडे मतदानाची भानगडच नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हा पुणेकरांना मत द्यायला कोणी बोलावलं नव्हतं.