ग्रुपवर किती सांगावं? एलजीबीटीक्यू मुलांच्या आयांचे प्रश्न

मूल गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा ट्रान्स आहे हे कळल्यावर बऱ्याच आया घरात कुणाशी बोलण्याआधी मोबाइलवर आपल्यासारख्या दुसऱ्या आयांना शोधतात. या वेळची पत्रं त्याबद्दलची आहेत. पत्रांतली नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने नुकतंच मला सांगितलं, की तो गे आहे. त्याच्या बाबांना अजून माहीत नाही. मला आयांच्या ग्रुपमध्ये जायचंय, पण तिथे ओळखीचं कुणी निघालं तर? नाव न कळू देता जाता येतं का?

येतं, पण कितपत ते ग्रुप कुठल्या ॲपवर आहे त्यावर ठरतं. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर प्रत्येक सदस्याला दिसतो. ज्यांच्याकडे तो सेव्ह नाही त्यांना प्रोफाइलचं नावही दिसतं, आणि डीपीत मुलगा शेजारी उभा असेल तर मग झाकायला काही उरतच नाही. म्हणून लिंक उघडण्याआधी प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो आणि 'अबाउट' फक्त कॉन्टॅक्टसाठी ठेवा, आणि प्रोफाइलच्या नावाचं नुसतं आद्याक्षर करा. नंबर मात्र लपणार नाही, आणि कॉलर आयडीच्या ॲपमध्ये तो टाकला की बहुतेकदा नाव निघतं. तेही नको असेल तर वेगळं सिमकार्ड घ्यावं लागेल.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण तिथे एक सेटिंग बदलून भागत नाही. नंबर कुणाला दिसावा याला 'नोबडी' निवडल्यावर खाली दुसरा प्रश्न येतो : नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकेल? तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करायचं राहून जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. फेसबुकवर खासगी ग्रुप दोन तऱ्हेचे असतात. एक शोधल्यावर सापडतो, त्याचं नाव आणि माहिती बाहेरच्यांनाही वाचता येते. दुसरा लपलेला असतो, तो सदस्यांनाच सापडतो. तुम्हाला दुसरा हवा. फेसबुकवर निनावी पोस्टची सोय असली, तरी ती निनावी फक्त इतर सदस्यांसाठी असते. ॲडमिनला तुमचं नाव दिसतं.

इतकं करूनही बातमी फुटते ती बहुतेकदा घरातूनच. फोन टेबलावर पडलेला असतो आणि लॉक स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ उमटते. त्या ग्रुपची नोटिफिकेशन बंद करा, चॅट लॉक करा, आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून घरच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप चालू राहिलेलं नाही ना, ते पाहा. हे शेवटचं जवळजवळ कुणीच पाहत नाही.

आणि मुलाला विचारा. 'मला कुणाशी तरी बोलायचंय, अशा एका ग्रुपमध्ये जाऊ का? तुझं नाव घेणार नाही,' एवढंच. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुम्ही कुठे घेऊन जाताय, हे त्याला आधी कळायला हवं.

प्रश्न : मी ग्रुपवर मुलीबद्दल मोकळेपणाने लिहिलं. ते तिच्या कॉलेजपर्यंत पोहोचलं. ती माझ्याशी बोलत नाही. आता काय करू?

आधी मेसेज काढा. व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस चालतं. वेळ उलटून गेली असेल तर ॲडमिनला सांगा आणि ज्यांनी तुमचा मेसेज जोडून उत्तरं दिली त्यांनाही त्यांची उत्तरं काढायला सांगा, कारण मूळ मेसेज गेला तरी तिथे त्याच्या ओळी उरू शकतात. स्क्रीनशॉट मात्र परत येत नाहीत. 'सगळं काढून टाकलंय' असं मुलीला सांगू नका, ते खरं नसेल.

मग तिला नेमकं काय ते सांगा : कुठल्या ग्रुपवर, कोणत्या तारखेला, अंदाजे किती जणींसमोर, कोणत्या शब्दांत. झालं ते वाईटच, पण किती पसरलं याचा अंदाज नसणं मुलांना जास्त छळतं. माफी मागा, पण ती लगेच मिळावी म्हणून मागे लागू नका. कॉलेजात त्रास सुरू झाला असेल तर कुणाशी बोलायचं आणि तुम्ही बोलायचं का, हे तिच्यावर सोडा.

पुढे लिहिताना लक्षात ठेवा, नाव गाळलं म्हणून ओळख लपत नाही. 'दुसऱ्या वर्षाला, आर्किटेक्चरला, राज्य पातळीवर पोहणारी' या तीन गोष्टी एकत्र आल्या की नावाची गरजच राहत नाही. वयाऐवजी 'विशीतली' लिहा, शिक्षण आणि छंद गाळा. त्याहून चांगलं म्हणजे वाक्याचा कर्ता बदला. 'माझ्या मुलीचं एका मुलीवर प्रेम आहे आणि त्या दोघी...' ही तिची गोष्ट झाली. 'नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा मला काय बोलावं सुचत नाही' ही तुमची, आणि ती तुम्ही हवी तितकी सांगा. सल्लाही दुसऱ्या वाक्यालाच चांगला मिळतो.

यावरून घाबरून घरात 'आता कुणाला काही सांगायचं नाही' असा नियम मात्र करू नका. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या 'फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट'ने घरच्यांच्या कोणत्या वागण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हे तपासलं. नाकारण्याच्या वागण्यात मारहाण आणि घराबाहेर काढणं तर होतंच, पण मुलाला आपली ओळख घरात लपवायला लावणं आणि त्याच्या तशा मित्रमैत्रिणींना तोडणंही होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, किशोरवयात घरून खूप नाकारलं गेलेल्या गे, लेस्बियन आणि बायसेक्शुअल तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता, फारसं न नाकारलं गेलेल्यांपेक्षा ८.४ पट आढळली. गोष्ट खासगी ठेवायची हे मुलीने ठरवलं तर ती तिची मर्जी. आईने ठरवलं तर तेच तोंड दाबणं होतं.

प्रश्न : ग्रुपमधल्या एका बाईंनी मला वेगळा मेसेज केला. त्यांच्या ओळखीचे समुपदेशक सहा महिन्यांत मुलांना 'नॉर्मल' करतात म्हणे. खरं असेल का?

नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. जो आजारच नाही त्याचा उपचार कसला करणार? रॉबर्ट स्पिट्झर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये काही जणांमध्ये बदल शक्य असल्याचा निबंध छापला होता आणि असे 'उपचार' विकणारे वर्षानुवर्षं त्याचा हवाला देत राहिले. २०१२ मध्ये खुद्द स्पिट्झर यांनीच त्या निबंधाबद्दल माफी मागितली. 'एक्सोडस इंटरनॅशनल' ही बदल घडवू पाहणारी मोठी संस्था २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. अशा 'उपचारां'तून मुलांच्या हाती लागतात ते नैराश्य, स्वतःचा तिरस्कार आणि आईवडिलांवरचा उडालेला विश्वास.

तो मेसेज ॲडमिनला दाखवा. ग्रुपवर सगळ्यांदेखत न लिहिता एकेकीला गाठणं ही या लोकांची नेहमीची रीत असते, आणि गाठायचं कुणाला तर नव्याने आलेल्या, हादरलेल्या आईला. समुपदेशक हवाच असेल तर पहिल्याच फोनवर विचारा : 'माझं मूल गे आहे, तुम्ही त्यात काय करता?' उत्तरात 'बघू या, वय लहान आहे, बदलू शकतं' असं काही आलं, तर फी विचारायच्या आधीच फोन ठेवा. चांगला समुपदेशक आधी विचारेल, की मूल स्वतः भेटायला तयार आहे का. पुष्कळदा भेटीची गरज आईलाच असते.

प्रश्न : ग्रुपमध्ये सगळ्या अभिमानाचं लिहितात. मला अजून रडू येतं. मी मागासलेली आहे का?

नाही. त्या आज जे लिहितात ते काही पहिल्या आठवड्यात लिहीत नव्हत्या. आईवडिलांच्या आधारगटांची सुरुवातच या घालमेलीसाठी झाली. जीन मॅनफर्ड ही शिक्षिका १९७२ मध्ये न्यूयॉर्कला समलैंगिकांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात आपल्या गे मुलाबरोबर चालली, तेव्हा अनेक तरुण तिच्याजवळ येऊन 'आमच्या आईबाबांशी बोलाल का?' असं विनवू लागले. मार्च १९७३ मध्ये पहिली बैठक झाली, माणसं जेमतेम वीस. त्यातूनच पुढे 'पीफ्लॅग' ही संस्था उभी राहिली.

तेव्हा ग्रुपवर रडा, त्यासाठीच तो आहे. फक्त ते रडणं मुलासमोर रोज नको. त्याला वाटतं आपल्यामुळे आई मोडली, आणि मग तोच तुमची समजूत घालत बसतो. अभिमानाच्या पोस्ट बोचत असतील तर ग्रुप काही दिवस म्यूट करून एखाद्या जुन्या सदस्य आईशी फोनवर बोला. बऱ्याच ग्रुपमध्ये नव्या आईला अशी एक सोबतीण देतात. नसेल तर मागून घ्या.

प्रश्न : मी सत्तर आयांचा ग्रुप चालवते. रात्री-अपरात्री मेसेज येतात. मध्यंतरी एकीने लिहिलं, की मुलाने स्वतःला संपवायची भाषा केली. मी एकटी किती पुरणार?

एकट्या पुरणार नाही, आणि पुरायचा प्रयत्नही करू नका, ताई. एकहाती चाललेले ग्रुप ॲडमिन आजारी पडली की कोलमडतात. किमान तीन जणी हव्यात, आठवड्याच्या पाळ्या ठरवून.

प्रवेशापासून कडक राहा. 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू ठेवा, लिंक बाहेर गेल्याचं कळलं की ती रीसेट करा, आणि नव्या प्रत्येकीशी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलूनच आत घ्या. ग्रुपबद्दल कुठून कळलं, मूल साधारण कुठल्या वयाचं आहे, तुम्ही येताय हे त्याला माहीत आहे का, आणि इथून तुम्हाला काय हवंय, एवढं विचारलं तरी पुरतं. उगाच डोकावायला आलेली बाई शेवटच्या प्रश्नावर अडखळते. पुरावा म्हणून मुलाचा फोटो किंवा नाव मात्र कधीच मागू नका.

मेसेज आपोआप नाहीसे होण्याची मुदत व्हॉट्सॲपवर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस ठेवता येते. आम्ही ७ दिवस सुचवू. २४ तासांत उत्तरं वाचायच्या आधीच उडतात आणि ९० दिवसांत स्क्रीनशॉटला भरपूर वाव मिळतो. उपयोगी माहिती ग्रुपवर न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आणखी एक नियम लेखी हवाच : ट्रान्स मुलांच्या हॉर्मोनच्या मात्रा ग्रुपवर सांगायच्या नाहीत. एकीच्या मुलाला डॉक्टरांनी रक्ततपासण्या करून दिलेला डोस दुसरीच्या मुलाला धोक्याचा ठरू शकतो. डॉक्टरांची नावं खुशाल सांगा.

आत्महत्येचा उल्लेख आला की दोघींनी कामं वाटून घ्यायची. एकीने त्या आईला लगेच फोन करायचा, टाइप करत बसायचं नाही. दुसरीने ग्रुपवर एवढंच लिहायचं : 'आम्ही त्यांच्याशी बोलतोय, कृपया सध्या सल्ले नकोत.' नाहीतर दहा मिनिटांत चाळीस मेसेज, त्यात हात जोडलेले इमोजी, आणि ती आई त्यातच अडकते. फोनवर पहिला प्रश्न : मूल आत्ता कुठे आहे, एकटं आहे का? एकटं असेल तर तिने किंवा विश्वासातल्या कुणी आधी त्याच्याजवळ जायचं. गोळ्या, कीटकनाशक, धारदार वस्तू हाताशी असतील त्या हलवायला सांगा. मग तिने मुलाला सरळ विचारावं, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मूल 'हो' म्हणालं आणि कसं, केव्हा हेही त्याने ठरवलेलं असेल, तर आपत्कालीन सेवा किंवा जवळचं रुग्णालय, त्याच रात्री. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन त्या आईला देऊ नका आणि तिनेही मुलाला देऊ नये.

आपत्कालीन नंबर आणि पाळीवरच्या ॲडमिनचा नंबर पिन करून ठेवलात, तर रात्री ११ नंतर इतरांचं लिहिणं बंद ठेवायला हरकत नाही. तातडीच्या वेळी फोन लावता येतो, आणि तुम्हाला झोप मिळते. एकेका आईशी तास-तास बोलणाऱ्या ॲडमिनला स्वतःलाही समुपदेशकाची गरज पडते, त्याची सोय आधीच करून ठेवा.

प्रश्न : आता मला ग्रुपची गरज वाटत नाही. सोडला तर सगळ्यांना कळेल का?

व्हॉट्सॲपवर बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. तरी पुढचे साठ दिवस जुन्या सदस्यांची यादी इतरांना उघडून पाहता येते. ॲडमिनला दोन ओळी लिहून निघा. एखाद्या नव्या आईशी कधीतरी फोनवर बोलायची तयारी असेल तर तेही त्यातच कळवा.