वाचकांचे प्रश्न : छाटणीचा हंगाम आणि सिनॉप्सिसची तारीख

प्रश्न : मी नाशिक रोडला राहते. बीओटीएचची, म्हणजे व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपी) पदवीची, इंटर्नशिप संपत आली आहे. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, तर एमओटीएच (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) घरी राहूनच करता येईल ना? प्रवेशाची तयारी कुठून सुरू करू? फिजिओथेरपी केलेल्या मैत्रिणीलाही हाच अभ्यासक्रम करायचा आहे.

उत्तर : विद्यापीठ नाशिकला आहे म्हणून वर्गही नाशिकला भरतात असं नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली सुरू झालं. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि पदवी देणं हे त्याचं काम. शिकवणं होतं संलग्न महाविद्यालयांत. व्यवसायोपचाराची जुनी केंद्रं मुंबई-नागपूरकडे आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली शाळा १९५० ची आणि आशियातली पहिली. तेव्हा वसतिगृहाची चौकशी आतापासून करा.

एमओटीएच दोन वर्षांचं आहे. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या पीजीओ-सीईटीमधून होतो. माहितीपुस्तिकेत सगळ्यात आधी इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख बघा. मधल्या रजा भरून काढताना इंटर्नशिप आठ-दहा दिवसांनी पुढे सरकली आणि ती तारीख हुकली, तर गुण कितीही असोत, वर्ष जातं. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राला लागणारा वेळ अभ्यासाच्या वेळापत्रकातच धरा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपली आहे का तेही तपासा. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांनी तर वैधतेचा अर्ज निकालाची वाट न पाहता द्यावा.

मैत्रिणीला मात्र हा अभ्यासक्रम करता येणार नाही. एमओटीएचला बीओटीएच लागतं. आरोग्य व्यवसायांबद्दलच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यातही फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार हे दोन वेगळे गट आहेत.

प्रश्न : मी दिंडोरीचा, एमओटीएचच्या पहिल्या वर्षाला आहे. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या मजुरांच्या हाता-मनगटाच्या त्रासावर काम करायचं आहे. अर्ध्या जणांना बदललेली मूठ असलेली कात्री, ठरावीक विश्रांती आणि व्यायाम द्यायचे, बाकीचे नेहमीप्रमाणे काम करतील. गाइडना विषय आवडला, पण सॅम्पल किती, मोजायचं काय आणि कधी, यावर गाडी अडली आहे.

उत्तर : विषय चांगला आहे. मुंबईच्या ओपीडीत बसून तो कुणाला सुचला नसता. पण या प्रबंधिकेचं वेळापत्रक द्राक्षवेल ठरवणार आहे, तेव्हा आधी 'कधी' बघू.

खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि गोडी छाटणी मुख्यतः ऑक्टोबरच्या आसपास होते. दोन्हींत काम वेगळं आहे. खरडीला जाड, कडक काडी कापावी लागते, गोडीला डोळे (काडीवरचे कोंब फुटायचे ठिपके) मोजून नेमकी काडी राखावी लागते. दोन हंगामांतले मजूर एकाच तक्त्यात घालू नका. एक हंगाम निवडा आणि तिथून मागे मोजत या. गोडी छाटणी धरायची असेल तर ऑगस्टअखेर एथिक्स कमिटीची मंजुरी हातात हवी, आणि पहिला मजूर नोंदवण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी झालेली हवी. तिथे पैसे लागत नाहीत, पण १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. कमिटी एकाच फेरीत मंजुरी देईल यावर विसंबू नका. शंका, उत्तर, पुन्हा बैठक एवढं धरून सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधिकेचा आराखडा, मेमध्येच तयार ठेवा. पहिल्या वर्षाचा ऑक्टोबर हुकला तर दुसऱ्या वर्षाचा एकच उरतो, आणि प्रबंधिका परीक्षेच्या काही महिने आधी द्यायची असते. पाऊस लांबला की छाटण्याही पुढे ढकलल्या जातात. म्हणून वेळापत्रकात तारखा लिहू नका, 'बागेतील छाटणीचा पहिला दिवस' असं लिहा.

मोजायचं काय? मुठीची ताकद जॅमर डायनॅमोमीटरवर घ्या. खांदा अंगालगत, कोपर ९० अंशांत, हाताचा पंजा उताणाही नाही आणि पालथाही नाही, मनगट सरळ किंवा ३० अंशांपर्यंत मागे, दांडा दुसऱ्या खाचेत. तीन प्रयत्न, मध्ये विश्रांती, आणि तिन्हींची सरासरी. वेळ सगळ्यांसाठी एकच ठेवा. एकाला सकाळी सातला आणि दुसऱ्याला दिवसभर कात्री चालवल्यावर मोजलं, तर हाती दिसेल तो फरक थकव्याचा असेल, तुमच्या उपचाराचा नाही. वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावणारे मजूर हातमोजे घालतात. मोजे काढून, हात धुऊन-पुसून मग मोजा.

त्रासासाठी डॅश (खांदा, हात आणि पंजाच्या अडचणी मोजणारी) प्रश्नावली वापरणार असाल तर ती आधी बागेत उभं राहून मोठ्यानं वाचून बघा. तीस प्रश्न आहेत. त्यात बागकाम करताना किती अडचण येते असा एक प्रश्न आहे. मूळ प्रश्नावलीत तो घराच्या अंगणातल्या कामाबद्दल आहे. तुमच्या मजुरासाठी बागकाम म्हणजे रोजची मजुरी. तोच प्रश्न दोघांना वेगळा कळतो, आणि हे नंतर तक्त्यात कुठेच दिसत नाही. गोल्फ-टेनिसचा उल्लेख असलेला प्रश्न बहुतेक जण सोडून देतील. लैंगिक संबंधांबद्दलचा प्रश्न बायका तर नक्कीच. गुण काढायला तीसपैकी किमान २७ उत्तरं लागतात. चार प्रश्न सुटले की तो माणूस विश्लेषणातून गेला. सूत्र असं : उत्तरांच्या गुणांची बेरीज भागिले उत्तरांची संख्या, त्यातून १ वजा, गुणिले २५. कुणी २८ प्रश्नांची उत्तरं दिली आणि बेरीज ७० आली, तर २.५ वजा १, म्हणजे १.५, गुण ३७.५. न दिलेल्या उत्तराला शून्य देऊन ३० ने भागणं ही नेहमीची चूक. त्यात त्रास आहे त्याहून कमी दिसतो. अकरा प्रश्नांची लहान आवृत्तीही आहे, पण तिथे एकच प्रश्न सुटलेला चालतो. कामाबद्दलचे चार प्रश्न असलेला जोड-भाग मात्र जरूर घ्या. तुमचा खरा विषय तोच आहे.

आता सॅम्पल. दोन गटांच्या सरासरीतला फरक बघायचा असेल, ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली असेल, तर डोक्यात बसणारा हिशेब असा : प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) अपेक्षित फरकाने भागा, वर्ग करा, १६ ने गुणा. ही एका गटाची संख्या. समजा आधीच्या अभ्यासातून किंवा तुमच्या पायलटमधून डॅशचं प्रमाण विचलन १५ मिळालं आणि रुग्णाला जाणवेल असा फरक १० गुणांचा धरला. १.५ चा वर्ग २.२५, गुणिले १६, म्हणजे ३६. फरक ५ चा धरला तर तीच संख्या १४४ वर जाते. एवढे लोक दोन वर्षांत एकट्याला जमणार नाहीत. पण जमत नाहीत म्हणून फरकाचा आकडा फुगवू नका. व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येतो. गळती, म्हणजे मध्येच सोडून जाणारे, १५ टक्के धरायची तर ३६ ला ०.८५ ने भागा, ४३ येतात. १५ टक्के मिळवून येणारे ४२ चुकीचे.

आणि इथेच तुमच्या योजनेतली खरी अडचण आहे. मजूर टोळीने येतात. एकाच टोळीत पाच जणांना नवी कात्री आणि पाच जणांना जुनी दिली, तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीच्या वेळेला कात्र्या हातोहात फिरतील आणि व्यायाम सगळेच करायला लागतील. त्यामुळे चिठ्ठी माणसाची नको, टोळीची काढा. एका टोळीतली माणसं एकमेकांसारखी असतात : तीच बाग, तोच मुकादम, तोच वेग. म्हणून संख्या वाढवावी लागते. टोळीत १० जण आणि आपसातलं साम्य ०.०५ धरलं, तर गुणक १ अधिक (९ गुणिले ०.०५), म्हणजे १.४५. ३६ चे ५३ होतात, गळती धरून ६३. म्हणजे प्रत्येक बाजूला सात टोळ्या. हे जड वाटत असेल तर उपचाराची तुलना सोडा आणि एकाच हंगामात सुरुवातीला व शेवटी मोजून वर्णनात्मक अभ्यास करा. नीट केलेला वर्णनात्मक अभ्यास हा अर्धवट राहिलेल्या चाचणीपेक्षा कधीही बरा.

संमतीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. मुकादमाचा किंवा बागाईतदाराचा होकार ही मजुराची संमती नव्हे. प्रत्येकाशी वेगळं, मुकादमाच्या कानाआड बोला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर पत्रक वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि सही करायला तुमच्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. बरोबरचा विद्यार्थी किंवा मुकादम चालत नाही. मोजणीत अर्धा तास जात असेल तर बुडालेल्या मजुरीची भरपाई कमिटीपुढे आधीच लिहून मांडा.

प्रश्न : पक्षाघात झालेल्या ज्येष्ठांसाठी इंग्रजी स्केलचं मराठी भाषांतर करून वापरायचं आहे. मी आणि माझी बहीण मिळून भाषांतर केलं तर चालेल? (सिन्नर)

उत्तर : आधी मालकाची लेखी परवानगी. रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणाऱ्या एफआयएमसारख्या काही साधनांना परवाना लागतो, स्मरण-आकलन तपासणाऱ्या मोकाला प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र लागतं. मोकाची मराठी आवृत्ती तर तयारच आहे. मग दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे मराठी करतात, त्यातला एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा. दोन्ही जुळवून एक मसुदा होतो. तो मूळ स्केल न पाहिलेले दोघे उलट इंग्रजीत नेतात. तज्ज्ञ समिती फरक मिटवते आणि ३० ते ४० रुग्णांवर चाचणी होते. तुम्ही व बहीण त्यातल्या पहिल्या पायरीच्या दोन खुर्च्या भराल, फार तर.

शब्दांपेक्षा कामं जास्त अडवतात. टबमध्ये उतरणं सिन्नरच्या किती घरांत आहे? तिथे बादली-तांब्याची अंघोळ, मोरीचा उंबरा आणि पाटावरून उठणं येतं. ब्रेडला लोणी लावण्याच्या जागी एका हातानं भाकरी मोडणं येईल. संडास भारतीय असेल तर उकिडवं बसणं स्वतंत्रपणे विचारावं लागेल. काम बदललं की त्याची कठीणताही बदलते, म्हणून असा प्रत्येक बदल समितीच्या नोंदीत कारणासह लिहा.

आणखी एक. बार्थेलमध्ये (रोजच्या कामांच्या स्केलमध्ये) रुग्ण काय करतो हे नोंदवायचं असतं, काय करू शकेल हे नाही. आपल्याकडे सून म्हणते, "बाबा करतील हो, पण आम्हीच करू देत नाही." मराठीत 'करता येतं का?' असं विचारलंत तर उत्तर हमखास 'हो' येतं आणि गुण फुगतात. 'काल अंघोळ कुणी घातली?' असं विचारा.

प्रश्न : स्पॅस्टिसिटीसाठी (स्नायूंचा ताठरपणा) मॉडिफाइड ॲशवर्थ स्केल वापरलं. एक्सेलमध्ये '१+' भरता येईना म्हणून १.५ भरलं आणि पेअर्ड टी-टेस्ट लावली. परीक्षक चिडतील का?

उत्तर : चिडायला हवेत. ०, १, १+, २, ३, ४ हा उतरंडीचा क्रम आहे. दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं नाही, त्यामुळे १.५ ला काही अर्थ नाही. ० ते ५ असे क्रमांक द्या, सरासरीऐवजी मध्यक लिहा, एकाच गटात आधी-नंतर बघायला विल्कॉक्सन आणि दोन गटांसाठी मान-व्हिटनी वापरा. सम तारखेला आलेले 'अ' गटात आणि विषम तारखेचे 'ब' गटात असं केलं असेल, तर त्याला यादृच्छिक म्हणू नका. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधीच कळतं, ही त्यातली खोट. क्रमांक घातलेले, बंद, आरपार न दिसणारे लखोटे वापरा.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात बोटाचा फ्लेक्सर टेंडन (बोट वाकवणारा स्नायुबंध) तुटलेल्या रुग्णाला स्प्लिंट करून दिलं. आठवड्यानं आला तर मनगटाचा कोन बदललेला होता. शीट खराब होती का? (एमओटीएच, दुसरं वर्ष)

उत्तर : बहुधा शीट नाही, ऊन. हे प्लास्टिक साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या पाण्यात मऊ होतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या काचेखाली किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं, नाहीतर गरम पाण्यानं धुतलेलं स्प्लिंट नकळत वाकतं. मनगट थोडं वाकवून आणि बोटांची मूळ सांधी पुढे झुकवून मागून दिलेला आधार उलगडला की शिवलेल्या टेंडनवर ताण येतो, आणि तो तुटण्याची भीती पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक. थंड पाणी व साबण, उन्हापासून लांब, वाकलं तर घरी तापवायचं नाही आणि हात तसाच धरून यायचं, हे मराठीत छापून द्या. त्याचा कोन पहिल्या दिवशी गोनिओमीटरनं मोजून केसपेपरवर लिहिला असता, तर किती सरकला ते आज कळलं असतं.

प्रश्न : पुढे परदेशात जायचं आहे. एमओटीएचमुळे नोंदणी सोपी होते का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी आधी मूळ पदवी बघतात, त्यानंतर एमओटीएच. व्यवसायोपचाराच्या जागतिक महासंघाच्या किमान निकषात क्षेत्रकामाचे १००० तास आहेत, आणि ते बीओटीएचचे. कोणत्या विभागात किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, हे महाविद्यालयाच्या शिक्क्यासह एका पत्रावर आताच मागून घ्या. राज्य परिषदेची नोंदणीही चालू ठेवा. चार वर्षांनी पत्र मागायला गेलात तर विभागप्रमुख बदललेले असतील आणि लॉगबुकं गोदामात गेलेली असतील.