वाचकांचे प्रश्न : थवेच्या थवे दिसतात, मग धोक्यात कसे?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. थंडीत खाडीवर एवढे सीगल असतात की मोजता मोजता थकायला होतं. मुलाने शाळेच्या प्रोजेक्टला 'धोक्यातला पक्षी' म्हणून सीगल घेतला तर टीचर म्हणाल्या दुसरा घे, सीगल कसला धोक्यात. खरंच एखादी जात धोक्यात आहे का? आणि यांची घरटी आपल्याकडे कधीच कशी दिसत नाहीत?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी घरट्यांचं सांगतो, कारण धोक्याचं मूळ तिथेच आहे. आपल्या खाडीत येणारे सीगल म्हणजे बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव, ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलला चालते होतात, इथे फक्त पोट भरायचं आणि थंडी काढायची, संसार सगळा तिकडे. तपकिरी डोक्याचा कुरव अंडी घालतो लडाख, तिबेट, ताजिकिस्तानच्या उंचावरच्या तलावांत. (वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर घरटी असतात ती सुरयांची म्हणजे टर्न पक्ष्यांची, कुरवांची नाही, हे लोक हमखास मिसळतात.) थंडीत त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे एक काळपट ठिपका तेवढा. उडताना पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरा डाग दिसला की समजायचं हा तपकिरी डोक्याचा. मार्च संपता संपता मुलाला घेऊन जा, त्याच थव्यात काहींची डोकी चक्क कॉफी कलरची व्हायला लागलेली दिसतील.

आता धोक्यातला. टीचरना सांगा, आहे. रेलिक्ट गल नावाचा कुरव, आपल्याकडचा नाही, मध्य आणि पूर्व आशियातला. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे आणि साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास बंदीच. याची गंमत अशी की कित्येक वर्षं हा वेगळा पक्षी आहे हेच कोणी धड मानत नव्हतं. 1931 साली लोनबर्ग नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने मंगोलियाच्या बाजूने आलेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं, पण पुढे लोक म्हणत राहिले की हा दुसऱ्याच कुठल्या तरी कुरवाचा प्रकार असेल नाहीतर संकर असेल, आणि मग 1960च्या दशकाच्या शेवटी कझाकस्तानच्या अलाकोल सरोवरात त्याची अख्खी वसाहत सापडली तेव्हा कुठे वाद मिटला.

तर हा पक्षी अंडी कुठे घालतो? फक्त बेटावर. तेही कुठल्याही नाही, गवताळ किंवा वाळवंटी भागातल्या खारट, मचूळ तळ्यातलं बुटकं, सपाट, वाळूचं बेट. झाड नको, कडा नको. जमिनीतच उथळ खळगा, त्यात थोडं गवत-पिसं, दोन-तीन अंडी, आणि शेजारची घरटी अगदी खेटून. पाणी जरा वाढलं किंवा वादळात लाटा आल्या की अंडी गेली. पाणी उतरलं की आणखी वाईट, बेट काठाला जोडलं जातं आणि कोल्हे, कुत्री, गुरं, माणसं सगळी चालत आत. मग एक-दोन जोड्या नाही, पूर्णच्या पूर्ण वसाहत त्या सीझनला उठते.

तुम्ही म्हणाल पंख आहेत की, एक तळं आटलं तर दुसरीकडे जाईल. जातो ना! चीनच्या ओर्डोस भागात एक तळं होतं, 1990च्या दशकात तिथे याची सगळ्यात मोठी वसाहत होती, ते आटत गेलं तसे पक्षी होंगजिएननाओ नावाच्या मोठ्या सरोवरावर सरकले. पण त्या सरोवरात येणाऱ्या नद्यांवर वरच्या अंगाला बंधारे झाले, पाऊसही कमी, आणि तेही आक्रसायला लागलं. रशिया-मंगोलिया सीमेवरची तोरेय तळी तर पाऊस-दुष्काळाच्या चक्रात भरतात आणि पार कोरडी पडतात, ते निसर्गाचंच आहे आणि पक्ष्याला ते झेपतं सुद्धा, अट एकच की त्या वर्षी दुसरं कुठलं तरी तळं भरलेलं पाहिजे. अशी तळी आहेतच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि माणसाने त्यातलीच पळवली तर पंख असून काय उपयोग. म्हणून एका तळ्यावर हजारो दिसले तरी मला त्या आकड्याचं फार कौतुक वाटत नाही. सगळे एकाच ठिकाणी दिसतायत याचा अर्थ बाकी ठिकाणं उरली नाहीत असाही असू शकतो.

थंडीत हे बहुतेक सगळे चीनच्या बोहाय उपसागराच्या चिखलावर उतरतात, तिआनजिनच्या आसपास, आणि त्या चिखलावर भराव टाकून बंदरं आणि कारखाने उभे राहिलेत. भराव म्हणजे काय ते नवी मुंबईकरांना मी वेगळं सांगायला नको. नेरूळला भरतीचं पाणी आत यायचं थांबलं की फ्लेमिंगोंच्या तळ्याची काय दशा होते तेही आपण बघितलंय.

प्रोजेक्ट करायचाच तर मुलाला म्हणावं पक्ष्याचं चित्र छोटं काढ आणि बेटाचं मोठं.

प्रश्न : वाशीला खाडीवर सगळे सीगलना गाठ्या-शेव टाकतात. टाकावं का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही. ते तळलेलं, खारट खाणं आहे, त्यांचं खाणं मासे, किडे, चिखलातले जीव. फोटो छान येतो हे मान्य. पण तो फरसाणशिवायही येतो, ओहोटीला जा, चिखल उघडा पडला की ते आपसूक जवळ येतात.

प्रश्न : जूनमध्ये लडाखला चाललोय. आपल्या खाडीतले सीगल तिथे अंड्यांवर बसलेले बघता येतील का? त्सो कारला जवळ जाऊ देतात का?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : बघता येतील, त्सो कार आणि त्सो मोरिरी या दोन्ही तळ्यांवर. पण जवळ जायचा विचार सोडा, कोणी जाऊ दिलं तरी. पाण्यात उतरून बेटाकडे गेलात की आईबाप उडतात, अंडी उघडी पडतात, आणि त्या उंचीवर जूनमध्येही गारठा असतो. ड्रोन तर नकोच नको. तिथे भटक्या कुत्र्यांचा त्रास आधीच भयंकर आहे, जमिनीवर घरटी करणारे सगळेच पक्षी त्यापायी बेजार आहेत, त्यामुळे काठावर बसून उरलेलं चिकन, बिस्किटं फेकू नका, कुत्री तिथेच मुक्काम ठोकतात. स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) असलेला एखादा ग्रुप गाठा, आणि सकाळी लवकर जा, दुपारनंतर असा वारा सुटतो की दुर्बीण हातात ठरत नाही.