ट्रकचे गिअर आधी की क्रेडिट कार्ड आधी?

डेन्व्हरजवळच्या अरोरा शहरात राहणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे २०१९ सालची टोयोटा टॅकोमा ही पिकअप ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, गिअरबॉक्स सहा गिअरचा ऑटोमॅटिक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी तीन इंच उंच करणारी लिफ्ट बसवली आणि मूळचे २६५/६५ आर १७ टायर काढून २८५/७० आर १७ मापाचे जाड टायर घातले. तेव्हापासून महामार्गावर किरकोळ चढ आला तरी गिअरबॉक्स सहाव्यातून पाचव्यात, पाचव्यातून चौथ्यात उतरतो आणि लगेच पुन्हा वर जातो. दोन्ही अ‍ॅक्सलचे (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांचे) गिअर बदलून ४.८८ रेशो (गुणोत्तर) बसवण्याचे एका गॅरेजने २,९०० डॉलर सांगितले आहेत आणि ती रक्कम बारा महिन्यांत बिनव्याजी फेडण्याची सवलतही देऊ केली आहे. वाचकांचा हिशेब असा आहे की मायलेज गॅलनमागे २० वरून १६ मैलांवर आले आहे, ते परत मिळाले की खर्च आपोआप भरून निघेल. त्यांच्या क्रेडिट कार्डावर २३ टक्के व्याजाचे ६,००० डॉलर थकले आहेत, अडीअडचणीसाठी ९,००० डॉलर बाजूला आहेत, वार्षिक पगार ९५,००० डॉलर आहे. कंपनी ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यात पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते. हे मात्र ३ टक्केच भरतात. महिन्याला ७०० डॉलर हाताशी उरतात, कार्डाचा हप्ताही त्यातूनच जातो. पत्नीचे म्हणणे, ट्रकवर आता एक डॉलरही नको.

सर्वप्रथम मायलेजचा हिशेब तपासू, कारण आपला सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे आणि तोच सदोष आहे. मूळच्या टायरचा व्यास सुमारे ३०.६ इंच होता, नव्याचा ३२.७ इंच आहे. मोठे चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेते आणि गाडीचा मीटर फेरेच मोजतो. त्यामुळे मीटर १०० मैल दाखवतो तेव्हा आपण प्रत्यक्षात सुमारे १०७ मैल गेलेले असता. मीटर दुरुस्त करून घेतल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, तेव्हा आपले १६ म्हणजे वस्तुतः १७.१ आहेत. (याच कारणाने मीटरवर ७० दिसत असताना आपण ७५ च्या वेगाने जात असता, हे पोलिसांनी सांगण्यापूर्वी लक्षात आलेले बरे.) आपण मीटरप्रमाणे वर्षाला १२,००० मैल चालवता, म्हणजे ७५० गॅलन पेट्रोल जाळता. नव्या गिअरने गॅलनमागे पूर्ण एक मैल वाढेल असे उदारपणे धरले, तरी वर्षाला सुमारे ४१ गॅलन वाचतील. गॅलनला सव्वातीन डॉलर धरल्यास हे १३३ डॉलर होतात. त्या गतीने २,९०० डॉलर वसूल व्हायला जवळजवळ बावीस वर्षे लागतील. मायलेज घटण्याचे मोठे कारण टायरचे वजन, त्यांची रुंदी आणि उंचावलेल्या गाडीला होणारा वाऱ्याचा विरोध हे आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट गिअर बदलल्याने बदलत नाही. तेव्हा या खर्चाला आपण बचत किंवा गुंतवणूक म्हणू नये. गाडी नीट चालावी म्हणून केलेला, हौसेच्या जवळचा असा हा खर्च आहे. हौस करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. फक्त ती हौसेच्याच खात्यात मांडावी.

आता ४.८८ हा आकडा योग्य आहे का, ते पाहू. ३.९१ या आपल्या मूळ रेशोचा अर्थ असा की चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनकडून येणारा दांडा ३.९१ वेळा फिरतो. आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. टायर सात टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे आपली गाडी आज ३.६५ रेशो असल्यासारखी वागते. नुसती मूळ स्थिती परत आणायची तर ३.९१ गुणिले १.०७, म्हणजे साधारण ४.१८ पुरेल. मग गॅरेजवाले थेट ४.८८ वर का गेले? त्यात विक्रीचा भाग किती हे मला ठाऊक नाही, पण आपल्या बाबतीत त्यांच्याकडे खरे कारणही आहे. टर्बो नसलेले, बाहेरची हवा जशी मिळेल तशी घेणारे इंजिन दर हजार फुटांच्या उंचीमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, आणि ज्या आय-७० महामार्गाने आपण शनिवार-रविवारी डोंगरात जाता, त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत २७८ अश्वशक्तीच्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद हवेत विरलेली असते. शिवाय या इंजिनाचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला ४,६०० फेऱ्यांना मिळतो, म्हणजे ते वेगाने फिरते ठेवले तरच ओढते. खंबाटकी घाटात भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये संथपणे चढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ताशी ७० मैलांच्या खऱ्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये मूळ गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे १,७४० फेरे घेत असे. आज ते १,६३० घेते. ४.५६ बसवल्यास १,९०० आणि ४.८८ बसवल्यास २,०४० च्या आसपास फेरे होतील. ५.२९ चा विचार करू नये. त्यात महामार्गावर इंजिन २,२०० च्या पुढे राहील, आणि त्या संचातील पिनियनला (लहान दातेरी चाकाला) दातेही कमी असल्याने तो तुलनेने नाजूक असतो. उरले दोन. आपण ३,५०० पौंडांचा कॅम्पर (गाडीमागे जोडायचे फिरते घर) ओढण्याचा बेत लिहिला आहे आणि पुढे कधीतरी ३५ इंची टायर घालण्याची इच्छाही हळूच नमूद केली आहे. ३५ इंचांवर मूळ स्थितीसाठी ४.४७ लागेल, म्हणजे ४.८८ तेव्हाही पुरून उरेल. त्यामुळे गिअर बदलायचेच ठरले, तर माझे मत ४.८८ च्या बाजूने आहे. या कामात मजुरीचा वाटा मोठा असतो, सुटे भाग आणि मजुरी दोन्ही दोनदा भरण्याची पाळी चुकीचा आकडा निवडणाऱ्यावरच येते. मात्र ३५ इंची टायरसाठी आपल्या गाडीचा पत्रा कापावा लागेल, आणि तो खर्च या हिशेबात धरलेला नाही. तसेच गिअर बदलल्याने कंपनीने ठरवून दिलेली ओढण्याची मर्यादा वाढत नाही आणि ब्रेकही सुधारत नाहीत.

पैसे खर्च करण्यापूर्वी हाच बदल फुकट अनुभवून पाहण्याची सोय आपल्या गाडीत आहे. आपल्या गिअरबॉक्सच्या सहाव्या गिअरचे गुणोत्तर ०.५८ आणि पाचव्याचे ०.६८७ आहे. गिअरचा दांडा 'एस'मध्ये टाकून वरची मर्यादा पाचव्यावर ठेवली, की महामार्गावर इंजिन जे फेरे घेईल ते सहाव्या गिअरमध्ये सुमारे ४.६३ रेशो असल्याइतके, म्हणजे ४.५६ आणि ४.८८ यांच्या मधले असतील. जागेवरून उचलण्यातला फरक यात कळणार नाही हे खरे, पण आपली मुख्य तक्रार महामार्गाची आहे. महिनाभर असे चालवावे, प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल आणि सात टक्क्यांनी वाढवलेले मैल वहीत टिपावेत. एवढ्याने त्रास सुसह्य झाला, तर २,९०० डॉलरच्या कामाचा मोठा भाग एका सवयीने झाला असे समजावे.

बिनव्याजी सवलतीचा कागद बारकाईने वाचावा. अशा योजनांत बहुधा व्याज माफ होत नाही, ते पुढे ढकललेले असते. बारा महिन्यांत शेवटचा डॉलरही फिटला तर ठीक; थोडी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम अंगावर येते. पूर्ण फेडीसाठी महिन्याला २४२ डॉलर लागतील. आपण २२० भरले आणि कागदावर ३० टक्के दर असला, तर वर्षअखेर २६० डॉलरच्या बाकीबरोबर सुमारे ५०० डॉलर व्याजही द्यावे लागेल. आधीच २३ टक्क्यांचे कार्ड डोक्यावर असताना ही जोखीम घेऊ नये.

माझा क्रम असा राहील. पुढच्याच पगारापासून ४०१(के) मधला आपला हिस्सा ५ टक्के करावा. त्याने कंपनीकडून वर्षाला १,९०० डॉलर जास्त मिळतील, आणि कर वाचत असल्याने हातात येणारा पगार महिन्याला साधारण १२५ डॉलरनेच घटेल. उरलेले ५७५ डॉलर पूर्णपणे कार्डाकडे वळवावेत आणि कार्डावर नवा खर्च करू नये. बारा महिन्यांत ते फिटेल. त्यानंतरच्या पाच महिन्यांत गिअरचे पैसे रोख जमतील. काटेकोर सल्लागार इथे म्हणेल की त्याआधी अडीअडचणीची रक्कम वाढवा. मी जरा सैल सोडतो, कारण जो माणूस वर्षभर शिस्तीने कर्ज फेडतो त्याला पुढची तीन वर्षेही हौसेपासून लांब ठेवले, तर तो बहुधा चौथ्याच महिन्यात कार्ड बाहेर काढतो. ९,००० डॉलरना मात्र हात लावू नये.

या मुदतीचा आणखी एक फायदा आहे. आपले टायर निम्म्याहून अधिक झिजले आहेत असे आपण लिहिता. ते सुमारे वर्षभरात बदलावेच लागतील आणि खरा निर्णय त्या दिवशी घ्यावा. मूळ मापाकडे परतलात तर गिअरचा प्रश्नच उरत नाही. आहे तेच माप ठेवायचे असल्यास जड 'ई' लोड रेंजऐवजी (लोड रेंज म्हणजे टायरची वजन पेलण्याची श्रेणी) हलका 'सी' लोड रेंजचा टायर चालेल का, हे कॅम्परचे वजन सांगून विचारावे. पत्नीशी सविस्तर बोलण्याचीही तीच वेळ योग्य, आणि तोवर वहीतले आकडे आपल्या किंवा त्यांच्या बाजूने बोलतील.

ही गाडी देऊन नवी घेण्याचा विचार आपण जाता जाता लिहिला आहे. २८,००० डॉलरचे कर्ज साडेसात टक्क्यांनी सहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४८४ डॉलरचा आणि एकूण व्याज ६,८०० डॉलरहून अधिक होते. नुसत्या व्याजात दोनदा गिअर बदलून होतील, तेव्हा तो विषय इथेच सोडावा.

काम करवून घेण्याची वेळ येईल तेव्हा अंदाजपत्रकात पुढचा आणि मागचा दोन्ही अ‍ॅक्सल, नवी बेअरिंग आणि सील, आणि पहिल्या ५०० मैलांनंतरचे तेल बदलणे लिहून घ्यावे. केवळ मागचा अ‍ॅक्सल स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. दोन्हींचे रेशो वेगळे राहिले तर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, ताण येतो. लॉकरसाठी (डावे-उजवे चाक एकत्र फिरवणाऱ्या भागासाठी) सांगितलेले जादा १,९०० डॉलर आपल्या वापरात बसत नाहीत, कारण कॅम्पर ओढण्यासाठी लॉकर लागत नाही. गिअरचा आवाज येऊ लागल्यास मजुरीची हमी किती महिन्यांची, हे लेखी घ्यावे. पहिले ५०० मैल कॅम्पर जोडू नये, म्हणून काम सहलींच्या हंगामात न काढता मार्चमध्ये काढावे. आणि लिफ्ट व टायर बसवल्याचे विमा कंपनीला अजून कळवले नसेल, तर ते याच आठवड्यात कळवावे; बाहेरून बसवलेल्या भागांची भरपाई साध्या पॉलिसीत अनेकदा मर्यादित असते.