शेजारपाजारच्या ओळखींनी गरीब घरातला माणूस खरंच वर येतो का?

येतो. पण शेजारीही आपल्यासारखाच कडका असेल तर त्या ओळखीने फार तर उसनी साखर मिळते. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथचं जॉबवर्क करतो आणि शहापूरकडे राहतो, त्यामुळे दोन्ही प्रकार रोज बघतो.

जामीनदाराचंच घ्या. पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात, आणि संस्थेला पगाराची स्लिप नाहीतर पेन्शनचं पासबुक दाखवणारा माणूस हवा असतो. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सुभेदार आहेत (मराठा रेजिमेंटचं सेंटर इथेच, त्यामुळे असे मामा बऱ्याच गल्ल्यांत सापडतात), एक मास्तर आहेत, एक हेस्कॉमचा (इथली वीज कंपनी) लाइनमन आहे. पोरगा गणपतीच्या मांडवात राबताना, वर्गणीचा हिशेब चोख देताना दिसला की सुभेदारमामा सही करतात, आणि त्या सहीवर पोरगा जुनं लेथ घेऊन स्वतःचं शेड टाकतो. तेच वडगाव-खासबागेकडे, जिथे गल्लीच्या गल्ली मागावर जगते तिथे जा. माणसं जीव लावणारी, रात्री दोनला धावून येतील. पण साडीला उठाव नसला की सगळेच एकदम बसतात. कोण कुणाला जामीन राहणार? भिशीसुद्धा नेमकी त्याच वेळी मोडते.

अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हे आकड्यांत मांडलं. २५ ते ४४ वयाच्या सुमारे ७ कोटी २० लाख फेसबुक वापरणाऱ्यांची मैत्री त्यांनी तपासली. लोकांचं आपसात किती घट्ट आहे, सार्वजनिक कामात किती उतरतात, यापेक्षा गरिबाच्या मित्रांत खात्यापित्या घरचे किती, याचाच मुलांच्या पुढच्या कमाईशी जास्त संबंध दिसला. श्रीमंत घरच्या मुलाला सरासरी जेवढी अशी संगत मिळते, तेवढी मिळणाऱ्या भागात गरीब मूल वाढलं तर मोठेपणी त्याची कमाई सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल, असा त्यांचा अंदाज. नुसतं जवळ राहून भागत नाही, हेही त्यात आलं. ते इथेही पटतं. जुनी घरं पाडून अपार्टमेंट झाली, गेटला वॉचमन बसला, आता वरची पोरं मांडवाकडे फिरकत नाहीत.

ओळखीची दुसरी बाजू आमच्या शेडमध्येच दिसते. माणूस कमी पडला की मी कामगारालाच विचारतो, "तुझ्याकडचा कोण पोरगा हाय काय?" आणणाऱ्याची अब्रू पणाला लागलेली असते, म्हणून असा पोरगा सहसा पळून जात नाही. पण त्यामुळे बापामागून पोरगा लेथवरच येतो. मुलीचं नाव कुणी सुचवत नाही, आणि मग त्याच घरातली मुलगी बी.कॉम. करून पुण्याला ऑफिसात लागलेली असते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थतज्ज्ञांना मुंबईत दादरला असंच काहीसं सापडलं होतं (त्यांचा अभ्यास २००६ साली छापून आला). कामगारवर्गाच्या नोकऱ्या जातभाईंच्या ओळखीने मिळायच्या, म्हणून त्या घरांतले मुलगे मराठी शाळेतच राहिले. मुलींसाठी तसा वशिला नव्हता, त्या इंग्रजीकडे वळल्या.

सीमाभागात आणखी एक भानगड आहे. आपली गल्ली मराठी, मंडळ मराठी, तालीम मराठी. या ओळखी कोल्हापूर, पुणे, गोव्याला छान पोचवतात. हुबळी-धारवाडची ऑर्डर किंवा तहसीलदार ऑफिसातला अडलेला कागद मात्र बहुतेक वेळा कन्नड ओळखीनेच हलतो. सीमाप्रश्नावर मी कुठल्या बाजूचा हे इथल्या माणसाला सांगायला नको. तरी माझ्या पोराला मी शेजारच्या कन्नड घरातल्या पोरांत क्रिकेट खेळायला मुद्दाम पाठवतो. त्यांचे वडील हुबळीच्या एका कारखान्यात परचेसला आहेत, शनिवारी घरी येतात. माझ्याकडे सध्या चालू असलेलं बुशचं (मशीनचा एक सुटा भाग) काम त्यांच्याच शब्दावर आलंय.