बीएस्सी केमिस्ट्री सोडू का मॅडम?

निकाल लागले की दरवर्षी दोन-तीन फोन हेच असतात, मुलगा किंवा मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राहिलेत, आता सोडतो म्हणतंय, काय करू. कधी आईबाप फोन करतात कधी स्वतः मुलं. गेल्या आठवड्यात परत एका आईने हाच प्रश्न विचारला, त्यांना फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून इथं एक जुनी केस सविस्तर लिहितेय. ओळख लागेल असं सगळं काढून टाकलंय, घरच्यांची परवानगी पण घेतलीय.

मी सांगलीत समुपदेशन करते. स्वतः आर्ट्सची, केमिस्ट्रीशी माझा संबंध दहावीत लिटमस निळा-लाल झाला तिथंच संपला, हे आधीच सांगून ठेवते.

तर हा मुलगा तासगाव भागातला, घरी दोन-अडीच एकर द्राक्षबाग. दहावीपर्यंत मराठी मीडियम, नव्वदच्या वर टक्के, त्यामुळे गावाने आधीच डॉक्टर करून टाकलेला. बारावी झाली, नीट दिली, नंबर लागला नाही, मग लातूरला एक वर्ष रिपीट, तरी नाही. मग आता काय तर बीएस्सी. केमिस्ट्री का घेतली विचारलं तर म्हणाला बायो बघितलं की रडू यायचं आणि मॅथ्स सोडून दोन वर्षं झालेली, उरलं ते घेतलं. आपल्याकडे निम्मी पोरं बीएस्सीला अशीच येतात हो, ठरवून येणारी फार थोडी.

आला तेव्हा तिसऱ्या सेमचा निकाल लागलेला, फिजिकल केमिस्ट्री गेलेली, अजून एक पेपर गेलेला. कॉलेजला जाणं बंद. घरी बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत जागा, सकाळी उठत नाही. आई बरोबर आलेली, तिला बाहेर बसवलं.

पहिल्या सेशनला मी मोठी चूक केली. मला वाटलं याला पुढे काय आहे हे माहीत नाही म्हणून हा घाबरलाय, हे तर सोपं आहे, आणि मी सुरू झाले. जॅम ही प्रवेश परीक्षा दे, तीन तासांचा शंभर मार्कांचा पेपर असतो, त्यावर आयआयटीत एमएस्सी करता येते, मुंबईचं आयसीटी कॉलेज आहे 1933 पासूनचं, पुण्यात एनसीएल ही संशोधन लॅब आहे, आयसर आहे, फार्मा कंपन्यांत क्यूसी म्हणजे माल तपासायचं काम आहे, साखर कारखान्याची लॅब आहे, मांजरीच्या वसंतदादा इन्स्टिट्यूटला साखरेचे आणि अल्कोहोलचे कोर्स आहेत, बीएड आहे, एमपीएससी आहे. तो आपला हो मॅडम, हो मॅडम. नंतर नोट्स लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की पाऊण तासात या पोराने हो मॅडम सोडून दोन वाक्यंसुद्धा बोलली नाहीत. पुढची अपॉइंटमेंट त्याने चुकवली, आणि बरोबरच केलं त्याने, ज्याला आजचा दिवस ढकलत नाही त्याच्यापुढे मी पाच वर्षांनंतरची यादी वाचत बसलेले.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी डोळ्याला दिसली होती आणि मी सोडून दिली होती. त्याची बोटं. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर काळपट तपकिरी डाग होते आणि तो सारखा हात मांडीखाली घालत होता. मला वाटलं सिगरेट वगैरे असेल, नको आत्ता विचारायला.

तीन आठवड्यांनी आईने परत ओढून आणला. यावेळी मी काही सांगायचं नाही असं ठरवलेलं. आधी झोप, जेवण, आणि जीव नकोसा होतो का हे सरळ विचारलं. हे विचारायला लोक घाबरतात, विचारल्याने डोक्यात येतं असं वाटतं, तसं नसतं, उलट मुलं सुटल्यासारखी बोलतात. तो म्हणाला मरावंसं वाटत नाही मॅडम पण गावात तोंड दाखवायला नको वाटतं. (तुमच्या मुलाने वेगळं उत्तर दिलं तर केमिस्ट्री-बिमिस्ट्री सगळं बाजूला ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा नाहीतर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.) मग सहज म्हणून बोटांकडे बघून विचारलं, परवाचे डाग कुठं गेले रे?

आणि पोरगा हसला. पहिल्यांदा. म्हणाला ते होय, सिल्व्हर नायट्रेट होतं मॅडम. कॉलेज बंद करायच्या आधीचं शेवटचं प्रॅक्टिकल, टायट्रेशन करून मीठ किती आहे ते काढायचं, पिपेट धरताना बोटाला लागतं, तेव्हा काहीच दिसत नाही, उजेड लागला की संध्याकाळपर्यंत काळं पडतं, साबणाने जात नाही, कातडी झिजेल तसं आपोआप जातं. आई म्हणाली हळद लाव. मग मी म्हटलं मला आर्ट्सवालीला सांग की टायट्रेशन म्हणजे करतात काय, तर हा उठून उभा राहिला, माझा पेन ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडायची, आकडे असलेली काचेची नळी) म्हणून उभा धरला, डाव्या हाताने कॉक फिरवायचा आणि उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचा हे करून दाखवलं. परमँगनेट असेल तर इतकं गडद असतं की खालची कड दिसत नाही म्हणून वरची कड वाचायची, शेवटी थेंब थेंब सोडायचं, एक थेंब जास्त पडला की गुलाबी भडक झालं आणि गेलं रीडिंग, परत पहिल्यापासून. आमच्या बॅचला सीबीआर सगळ्यात लवकर माझं यायचं म्हणाला, म्हणजे दोनदा तंतोतंत सारखं रीडिंग.

मी म्हटलं मार्कलिस्ट काढ. मोबाईलवर होती. प्रॅक्टिकलला वर्गात पहिल्या पाचात, थिअरीला नापास. एकाच विषयात! आता ज्याला विषय झेपत नाही त्याचं असं होत नाही, हे कळायला केमिस्ट्री यायला लागत नाही.

मग थिअरीचं काय होतं ते खोदत बसलो दोन सेशन. एक निघालं ते कॅलेंडर. तिसऱ्या सेमची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागेत नेमकं तेव्हाच जीएचं (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाचे मणी वाढवायचं औषध) डिपिंग, एकेक घड द्रावणात बुडवायचा, मजूर मिळत नाहीत, मग हा सकाळी सहापासून बागेत. परीक्षेच्या आधीचे बारा दिवस हा बागेत होता आणि हे वडिलांना माहीतच नव्हतं, म्हणजे पोरगं बागेत आहे हे माहीत होतं पण परीक्षा आहे हे माहीत नव्हतं, कारण याने सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? तर लातूरला एवढे पैसे घातले मॅडम, आता कुठल्या तोंडाने सांगू की मला अभ्यासाला सुट्टी द्या.

दुसरं निघालं ते भाषेचं आणि पाठांतराचं. नीटची सवय, चार पर्यायातला एक ओळखायचा. इथे पानभर उत्तर लिहायचं आणि गणितं सोडवायची. हा काय करायचा, झेरॉक्सच्या नोट्समधली सोडवलेली गणितं वाचायचा. वाचायचा! गणित वाचून कुणाला आलंय? कन्सेन्ट्रेशनची गणितं आली की माझं डोकं बंद पडतं म्हणाला. मी म्हटलं बरं, बागेत जीए किती टाकता? लगेच म्हणाला दहा पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) पाहिजे असेल तर शंभर लिटरला एक ग्रॅम, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, पाण्यात डायरेक्ट विरघळत नाही. वीस पाहिजे असेल तर? दोन ग्रॅम. दोनशे लिटरचा बॅरल असेल तर? चार. आठवीपासून करतोय मॅडम हे. मग हे कन्सेन्ट्रेशन नाही तर काय आहे रे बाबा? तो गप्प. मग मोबाईलवर जीएचा मोलर मास शोधला, 346, माझ्याच अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिटरला 0.01 ग्रॅम लिहिलं आणि भागलं, 0.000029 मोलर. दोनदा तपासलं. मला त्यातलं काही कळलं नाही पण त्याचा चेहरा कळला.

मग सुटलाच. म्हणाला आबा (म्हणजे वडील) बोर्डो करतात, बुरशीवर फवारायचं औषध, शंभर लिटरला एक किलो मोरचूद एक किलो चुना, आणि त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात, विळ्यावर तांबूस चढलं तर मोरचूद मोकळं राहिलंय, अजून चुना टाकायचा. हे आमच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलंच आहे मॅडम, तांबं प्लस 0.34 आणि लोखंड मायनस 0.44, फरक 0.78 व्होल्ट, म्हणून तांबं लोखंडावर जाऊन बसतं. ज्या पेपरात नापास झाला त्याच पेपरातलं होतं हे.

आता इथं सिनेमा असता तर दुसऱ्या दिवसापासून पोरगा टॉपर. तसं काही झालं नाही. नंतर दोन महिने कंटाळवाणं काम होतं. रोज चार गणितं, पेनने, उत्तर न बघता. वहीत एका बाजूला इंग्रजी शब्द दुसऱ्या बाजूला शाळेतला मराठी शब्द, रिडक्शनपुढे क्षपण, ऑक्सिडेशनपुढे ऑक्सिडीकरण, कारण विषय त्याला मराठीत बऱ्यापैकी कळलेला होता, इंग्रजीत तो फक्त पाठ होता. आणि सगळ्यात अवघड, प्रॅक्टिकलच्या सरांना जाऊन हे मला येत नाही म्हणणं, त्याला तो तीन आठवडे टाळत राहिला. गेला तेव्हा सर म्हणाले बस.

वडिलांना पण बोलावलं. ते आले ते हिशोब मांडूनच आले. शिकून औषधंच मारायची असतील बागेत तर ती आत्ता पण मारतोय की ओ मॅडम. आणि पाहुणे विचारतात पोरगं केमिस्ट होणार म्हणजे मेडिकल टाकणार का, आम्ही काय सांगायचं? (हा घोळ सगळीकडे आहे, मेडिकल दुकानाला फार्मसीची डिप्लोमा-डिग्री लागते, बीएस्सी केमिस्ट्रीवर ते होत नाही, दोन केमिस्ट वेगळे.) मी उत्तर द्यायच्या आत पोरगाच बोलला. आबा, 2010 ला युरोपात माल अडकला होता, आठवतंय का? आबांना न आठवायला काय झालं, क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले होते त्या वर्षी, सीसीसी म्हणतात आपल्याकडे त्याला, बागायतदार अजून ते वर्ष विसरलेले नाहीत. तर ते रेसिड्यू, म्हणजे राहिलेला अंश, कोण तपासतं माहितेय का, केमिस्ट्रीवाले, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्राची लॅब आहे तिथं हेच करतात. आबा जरा वेळ त्याच्याकडे बघत बसले, मग मला म्हणाले, ते पीपीएमचं रिपोर्ट काढणारी माणसं म्हंजी ही व्हय? आमाला वाटायचं सरकारी सायब असत्यात.

डिपिंगच्या दिवसांत परीक्षा असेल तर पोरगं बागेत येणार नाही, दोन मजूर जास्त लावायचे, एवढं त्या दिवशी ठरलं. माझ्या मते या सगळ्या केसमध्ये सगळ्यात उपयोगाचं काम हे झालं, बाकी समुपदेशन वगैरे नंतर.

तर ज्या आईंनी विचारलं त्यांना आता उत्तर. निकाल लागलेल्या महिन्यात सोडायचा निर्णय घेऊ देऊ नका, एवढं मी नक्की म्हणेन, त्या महिन्यात लाज बोलत असते. मार्कलिस्ट घ्या आणि प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे बघा. पोराला विचारा लॅबमध्ये वेळ कसा जातो. माझ्याकडे एक मुलगी आलेली, तिला लॅबच्या वासाने डोकं चढायचं, जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवायची, टायट्रेशनचे आकडे मनाने टाकायची आणि घरी मात्र वडिलांच्या दुकानाचा जीएसटीचा हिशोब आवडीने करायची. तिला मी थांब म्हटलं नाही. पहिल्या वर्षानंतर तिने कॉमर्स घेतलं, एक वर्ष गेलं, ती मजेत आहे. आता नवीन शैक्षणिक धोरणात वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण त्यासाठी क्रेडिट पूर्ण लागतात, विषय राहिलेले असतील तर ते आधी काढावेच लागतील, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन नीट विचारा, वॉट्सॲपवर आलेलं धरून चालू नका.

आणि नोकरीचं खोटं सांगणार नाही. नुसत्या बीएस्सीवर एमआयडीसीत लागलं तर सुरुवातीचा पगार थोडा असतो, शिफ्ट असतात, कुरकुंभ, महाड, लोटे कुठेही जावं लागतं. ज्याला ब्युरेट धरायला आवडतं तो तिथं टिकतो आणि मशीन शिकून वर जातो, ज्याला आवडत नाही तो सहा महिन्यांत परत येतो. एमएस्सी केली तर बरं, पण ते तिसऱ्या वर्षी ठरवा, आत्ता जॅमची पुस्तकं आणून टेबलावर रचू नका. माझी पहिल्या सेशनची यादी आठवा.

तो तासगावचा मुलगा आता टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. फिजिकल काठावर सुटली, दुसरा पेपर एकदा परत गेला आणि मग सुटला. एमएस्सी करणार का, अजून ठरवलेलं नाही, मी पण विचारत नाही.

मागच्या महिन्यात आबांचा फोन आला, नाव बघून माझ्या पोटात गोळा, म्हटलं परत काय झालं. तर म्हणाले, मॅडम, पोरगं म्हणतंय बोर्डोत विळा बुडवायचा नाही, पीएचची पट्टी लावायची, हे तुमी सांगितलंय का त्याला?

मी म्हटलं नाही ओ, मला विळ्याचंच आत्ता कळलंय.

बरं मग, म्हणाले, दोन्ही करतो.